दोरीचं दुसरं टोक

अनिताने पिशवीच्या तोंडाची नाडी सोडवली आणि समोर बाकावर बसलेल्या कान्हूने डावा पाय पुढे केला. एवढंच झालं. पिशवीत तांदळाच्या चार भाकऱ्या होत्या, सुक्या जवळ्याची चटणी होती, पेणच्या बाजारातून घेतलेली केळी होती. नाडी तिच्या हातात लोंबत राहिली, आणि कानांवरचे केस पांढरे झालेला तिचा एक्केचाळीस वर्षांचा भाऊ लेंगा गुडघ्याकडे ओढून, पाय पुढे करून वाट बघत राहिला. "काय रं, काटा गेला काय?" असं विचारत ती वाकली. तेव्हा तिला घोट्याच्या वरची ती पट्टी दिसली, बांगडीएवढ्या रुंदीची, केस गेलेली, काळी आणि गुळगुळीत. जखम नव्हती. जखम असती तर बरं झालं असतं, कारण जखम काल-परवाची असते. हे कातडं वर्षानुवर्षं घासून तयार झालं होतं. तिने बोट लावलं तरी कान्हूने पाय हलवला नाही. तो तिच्या हातातल्या नाडीकडे बघत होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, सरकारी निळ्या अक्षरांत लिहिलेला कागद होता की इथल्या कुणालाही मारणं, कोंडणं, बांधणं हा गुन्हा आहे, आणि खाली तक्रारीचा नंबर होता. फाटकावरच्या पाटीवर 'मतिमंद' हा शब्द खरवडून त्या जागी नवा, लांबलचक, कुणाला न दुखवणारा शब्द रंगवला होता. जुना शब्द पांढऱ्या रंगाखालून अजून वाचता येत होता.

रोह्याच्या बाहेर, कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेल्या त्या सरकारी गृहात ती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायची, म्हणजे यायचं असं तिने सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. पेणला ती कामाला होती त्या गणपतींच्या कारखान्यात हंगाम सुरू झाला की दोन-दोन, तीन-तीन रविवार बुडत. आली तरी तास-दीड तास. भाऊ आंघोळ घालून, तेल लावून समोर आणून बसवला जाई. जाडही नाही, खंगलेलाही नाही. ती त्याला भरवायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि साडेतीनची एसटी पकडायची. लेंग्याखाली काय आहे हे बघायचं तिला सहा वर्षांत सुचलं नव्हतं, आणि आता सुचलं ते आपल्या हुशारीने नाही, त्यानेच दाखवलं म्हणून. काळजीवाहक बाबाजी दारात उभा होता. चांगला माणूस, रोह्याच्या आतल्या गावचा, घरी भाताची नि वालाची शेती. तिने त्याला विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नाही. "बांदतो तवा घासतो ओ ताई," तो म्हणाला. "मी मधी कापूड लावतो, पन हा वडतो ना. दोनदा वडतो, थांबतो, मंग परत दोनदा. आख्खी खाट वाजते. बाकीची पोरं झोपत नाय." इथे सगळ्यांना पोरंच म्हणतात. सरकारी घरात माणूस म्हातारा होत नाही, दात पडले तरी पोरगाच राहतो. पण अनिताच्या कानात त्यातलं एवढंच शिरलं: दोनदा वडतो, थांबतो, परत दोनदा. तिने नकळत पदर कमरेशी घट्ट आवळला.

भांडायचं, असं ठरवून ती अधीक्षक मॅडमच्या खोलीत गेली. भांडण तिला नवं नव्हतं. चाळीतल्या नळावर ती कुणाला हार जात नसे. पण टेबलापलीकडची बाई थकलेली निघाली, आणि थकलेल्या माणसाशी भांडायला जड जातं. "बसा," मॅडम म्हणाल्या. "कायद्यात बसत नाही हे मला माहीत आहे. तो कागद मीच लावलाय. गेल्या वर्षी आमचा एक मुलगा फाटकातून बाहेर गेला. ह्या रस्त्याने टँकर जातात. पुढचं सांगत नाही. पाळीला माणसं दोन, मुलं अठ्ठेचाळीस. तुम्ही तक्रार करा, मी अडवणार नाही. चौकशी येईल, बाबाजीला काढतील. त्याच्या जागी माणूस येईपर्यंत सहा महिने. मग पाळीला एकच माणूस." मग कपाटातून फाइल काढून त्यांनी तिच्यासमोर फिरवून ठेवली. "आणि कान्हूच्या बाबतीत तर तुमचंच लेखी आहे." प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'घरी शांत ठेवण्यासाठी काय करत असत'. त्यात कारकुनाच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'आई पायास दोरी बांधून ठेवीत असे. त्याने शांत राहतो.' खाली बहीण म्हणून तिची सही. सही सुरेख होती. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा हात, त्याची रेघ कधी हलत नाही.

तिला तो दिवस आठवला. काशीबाई, त्यांची आई, जाऊन जेमतेम महिना झाला होता. कान्हूला कुठे ठेवायचं ह्यावरून घरात रोज कुरबुर होती. निलेश, तिचा नवरा, तोंडाने कधी 'नको' म्हणाला नाही, पण जेवताना ताट उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागला. मग कुणीतरी ह्या गृहाचं सांगितलं, दाखले गोळा झाले, आणि ह्याच टेबलाशी ती घाबरून बसली होती. घाबरली होती ती एकाच गोष्टीला, की हे लोक नाही म्हणतील. त्रास देणारा आहे, जमणार नाही म्हणतील. म्हणून कारकुनाने विचारलं तेव्हा ती शाळेतल्या पोरीसारखी पुढे होऊन म्हणाली, "त्याचा काय त्रास नाय. आई पायाला दोरी बांदायची ना, मंग एकदम गप असतो." तिला वाटलं, आपण भावाचं चांगलं सांगतोय. मुलगी दाखवायला आणली की आई म्हणते ना, स्वयंपाक येतो हो तिला, तसं. दोरीला दोन टोकं असतात, हे सांगायचं राहून गेलं. कुणी विचारलंच नाही. आणि आता सांगायला गेलं तर ते कुणाला पटेल?

दोरीचं दुसरं टोक आईच्या कमरेला असायचं. खाडीकाठच्या मिठागरात काशीबाई मजुरी करायची आणि उधाणाच्या दिवसांत पाणी बांधाला टेकलं की कान्हू वेड्यासारखा त्याच्याकडे धावायचा. एरवी तो कामाचा होता. मिठाच्या वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा असतो, फरशीसारखा, तसं कुणाला जमणार नाही इतकं नेटकं तो तुडवायचा, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, एका पावलाला लागून दुसरं पाऊल, एक बोटभर जागा न सोडता. मुकादमसुद्धा कौतुक करायचा. पण उधाण आलं की त्याला पाण्याशिवाय काही दिसायचं नाही. म्हणून आईने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून पंधरा हात दोरी केली होती. एक टोक त्याच्या डाव्या पायाला, सैल, आत मऊ चिंधी घालून. दुसरं तिच्या कमरेला. ती मीठ ओढायची, तो तुडवायचा, आणि मधूनच तो पायाने दोनदा हिसका द्यायचा. मग आई न वळता, हातातलं काम न थांबवता, कमरेने दोनदा हिसका द्यायची. हाय मी. झालं, एवढंच. दिवसभर चालायचं ते. कान्हूला बोलता येत नव्हतं, 'आय' आणि 'पानी' एवढे दोनच शब्द, पण त्या दोघांचं बोलणं कधी संपायचं नाही. बांधावर बसून बघणाऱ्या नऊ वर्षांच्या अनिताला त्याचा राग यायचा. तिच्याशी आई दिवसात इतकं बोलत नसे.

एकदा आई प्यायच्या पाण्याला गेली तेव्हा तिने ते टोक अनिताच्या कमरेला बांधलं. कान्हूने हिसका दिला, अनिताने दिला. पुन्हा दिला, पुन्हा दिला. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं, आणि मग तिला कंटाळा आला. तिकडे पोरी चिखलातले खेकडे, चिंबोऱ्या, धरत होत्या. तिने टोक सोडून झोपडीच्या खांबाला बांधलं आणि गेली. परत आली तेव्हा आई आधीच पोहोचली होती, आणि कान्हू खांबाकडे तोंड करून पाय ओढत होता. दोनदा, मग थांबून, मग दोनदा. आईने अनिताच्या मुस्काटात मारली. आयुष्यात एकदाच. "खांबाला ढोर बांदतात गो," ती म्हणाली. "मानसाला मानूस बांदतात." पुढे बंधारा फुटून खारं पाणी आत शिरलं, मिठागर बुडालं, तिथे आता नुसती तिवरांची झाडी माजली आहे. मिठागर गेलं तरी दोरी गेली नाही. म्हातारपणी आई झोपायचीसुद्धा ती कमरेला बांधून. ती गेली त्या सकाळी कान्हू किती वेळ ओढत होता कोण जाणे. पलीकडून उत्तर येईना तेव्हा तो ओरडला, म्हणून शेजारी आले. कमरेची गाठ अनितानेच सोडवली होती. आणि इथे, ह्या गृहात, त्याने सहा वर्षं लोखंडी खाटेला विचारलं, हायस का? हायस का? रोज. अनिताने समोरची फाइल मिटली.

"दुसरा टोक आईच्या कंबरेला असायचा मॅडम," ती म्हणाली. म्हणाली तेव्हा तिलाच ते किती छोटं, किती खुळचट वाटलं. मॅडम हसल्या नाहीत. खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "इथे मी ते कुणाच्या कमरेला बांधू?" बाहेर कुणीतरी थाळा आपटत होतं. "संमती रद्द करायची तर करा," त्या म्हणाल्या. "मग मी बांधणार नाही, पण जबाबदारीही घेणार नाही. पंधरा दिवसांची रजा लिहून देते. घरी न्या. बघा काय होतं ते." अनिताने त्याच सुरेख अक्षरात सही केली. बाबाजी फाटकापर्यंत आला. कान्हूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा बाबा, मजा कर," आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे तिला मुद्दाम लक्षात ठेवावं लागलं, कारण तिला त्याचा राग धरायचा होता.

एसटीत कान्हू खिडकीशी बसला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी दिसलं तसा तो काचेला नाक लावून गप्प झाला. वडखळच्या पुढे खारवट जमिनी लागल्या, ओहोटीने उघडा पडलेला चिखल लागला, आणि त्याचे पाय एसटीच्या पत्र्यावर चालू लागले. एका पावलाला लागून दुसरं. पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती. अनिताने तिच्याकडे असं काही बघितलं की ती पेणपर्यंत पुन्हा वळली नाही. फार दिवसांनी अनिताला स्वतःबद्दल बरं वाटलं. घरी निलेश दारातच होता. कान्हूला बघून त्याने "ये रे" म्हटलं, खुर्ची दिली, चहा झाल्यावर मग बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "पंदरा दिवस. मंग?" दोन खोल्या, दहावीला गेलेली लेक मनस्वी, त्याची कंपनीतली नोकरी कंत्राटी, आज शिफ्ट असली तर उद्या नाही, घर चालायचं ते अनिताच्या हातावर. तो काही खोटं बोलत नव्हता. पण त्या क्षणी तिला 'मंग' ह्या शब्दाचीच चीड आली. तिने ट्रंक उघडून आईची दोरी काढली. मिठाने अजून कडक होती. ही दोरी गृहात द्यायचं तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं. सरकारकडे दोऱ्या असतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक टोक त्याच्या पायाला बांधलं, आत मऊ चिंधी घालून, आणि दुसरं स्वतःच्या कमरेला. ती भाकरी थापायला बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग कमरेला हिसका बसला, एक, आणि दुसरा. तिचे हात पिठात होते. तिने कमरेने हिसका दिला, दोनदा, आईसारखा. कान्हूचं तोंड आधी उघडं राहिलं. मग तो हसला, हिरड्या दिसेपर्यंत, आणि म्हणाला, "आय." तव्यावरची भाकरी करपली. तीन दिवस ती अशीच घरात वावरली. संडासला जायचं तर दोरी दाराखालून घ्यायची, आणि आतून उत्तर द्यायचं. मनस्वी हसून हसून बेजार झाली. निलेश चौकटीत उभा राहून म्हणाला, "आता तू पन बांदून घेतलीस काय?" पण रागाने नाही. तिसऱ्या दिवशी त्याने आपलं ताट आत आणलं आणि कान्हूच्या शेजारी बसून जेवला. तिला वाटलं, जमेल. खरंच वाटलं. पट्टीवर ती तेल लावायची आणि तिथे केस परत उगवतील का हे निरखून बघायची.

चौथ्या दिवशी जितेशचा फोन आला. तो कारखान्याचा मालक, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. "ताई, मूर्ती बिनडोळ्यांच्या बसल्यात. टेम्पो उद्या येतोय. किती दिवस घरी बसनार?" डोळ्यांची आखणी शेवटची असते. रंगकाम कुणीही करतं, आखणीला हात लागतो, आणि त्या कारखान्यात तो हात तिचाच होता. ती कान्हूला घेऊन गेली. दोरी पदराखालून. गोणपाटावर त्याला बसवलं, दोन्ही बाजूंना आंधळ्या मूर्तींच्या रांगा. शांत बसला. ती एक डोळा आखायची, ब्रश उचलायची, हिसका यायचा, ती द्यायची, मग दुसरा डोळा. दुपारपर्यंत असं छान चाललं की जितेशनेही मान हलवली. मग ती मुंबईच्या एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीकडे वळली. स्टुलावर उभी राहून, श्वास धरून, वरच्या पापणीची लांब रेघ. ती रेघ अर्ध्यावर थांबवता येत नाही. अर्ध्यावरच हिसका आला. रेघ पापणी सोडून कानशिलावरून थेट कानापर्यंत गेली. तिने खाली बघितलं. कान्हू वाट बघत होता. आणि तिच्या मनात कसलाही विचार यायच्या आत तिने दोरी हाताने धरून ओढली, अशी, की तो गोणपाटावरून घसरून बाजूच्या मूर्तीच्या पाटावर आपटला. तो रडला नाही. उठून बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. हिसका एकच आला होता. तो दुसऱ्याची वाट बघत होता.

"चुकतो मानूस," जितेश म्हणाला. त्याने स्वतः रेघ खरवडायला घेतली. "मी तुला काय बोलत नाय ताई. पन ह्याला उद्यापासून घरी ठेव. तू ये." तिने त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कारण खरं सांगायचं तर 'घरी ठेव' हे शब्द ऐकताना तिला हलकं वाटलं होतं, नऊ वर्षांची असताना चिंबोऱ्यांकडे धावत जाताना वाटलं होतं तसं. घरी येताना ती कान्हूच्या पुढे पुढे चालत होती आणि दोरी मधल्यामध्ये ताणलेली होती. रस्त्यावरची माणसं बघत होती. आता तिने कुणाकडे वळून बघितलं नाही.

सकाळी निलेश पहिल्या शिफ्टला गेला, मनस्वी शाळेत. शेजारीण लेकीकडे गेली होती, आणि असती तरी किती वेळ, किती दिवस? दार नुसतं ओढून घेतलं तर तो नदीवर जाणार. उधाणाचे दिवस होते, भोगावतीला पाणी वर चढलं होतं. अनिताने कान्हूला पोटभर जेवू घातलं, हात धुतले, आणि खुंटीवरची दोरी काढली. दोरी बघताच तो खुश झाला. त्याने लेंगा वर ओढला आणि डावा पाय पुढे केला. तेव्हा तिला कळलं, रोह्याच्या त्या बाकावर तो का पाय पुढे करून बसला होता ते. मार खाऊन शिकलेली सवय नव्हती ती. तिच्या हातात नाडी दिसली आणि त्याला वाटलं, आली, आता दुसऱ्या टोकाला माणूस असेल. तिने गाठ मारली. मऊ चिंधी घातली, जास्तच जाड. तो तिच्या हातातलं दुसरं टोक बघत होता, तिची कंबर बघत होता. ती उठली आणि खिडकीकडे गेली. गजाला दोरी गुंडाळताना तिला पाठीवर त्याची नजर लागत होती, पण तिने गाठ नीट, दुहेरी मारली. "येते हा मी लगेच," ती म्हणाली. "दुपारला येते. गप बस हा." त्याचे दोन शब्द आणि त्यातला एकही आला नाही.

तिने बाहेरून कडी लावली, कुलूप लावलं. बोळात चार पावलं गेली असेल, आत खिडकीचा गज वाजला. दोनदा. मग शांत. मग दोनदा. ती उभी राहिली. तिची कंबर आपोआप हलली, दोनदा, नुसती, हवेत, आणि पलीकडून नळावर पाणी भरणारी एक बाई तिच्याकडे बघत म्हणाली, "काय गो, कंबर धरली काय?" "व्हय," अनिता म्हणाली आणि चालू लागली. पंधरा दिवसांतले दहा दिवस अजून बाकी होते. नंतर काय लिहून द्यायचं ते तिला आता माहीत होतं, रकानाही माहीत होता. कारखान्यात पोहोचल्यावर तिने हात धुतले, ब्रश भिजवला आणि स्टुलावर चढली. मोठ्या मूर्तीच्या कानशिलावर कालचा डाग कुठेही दिसत नव्हता. तिने श्वास धरला आणि पापणी एका ओढीत पुरी केली. मग दुसरी. मग पुढची मूर्ती. दुपारी जितेश चहा घेऊन आला आणि रांगेकडे बघत म्हणाला, "आज हात कसला बसलाय ताई." दुपार झाली तरी ती जेवायलासुद्धा घरी गेली नाही. संध्याकाळी टेम्पो भरेपर्यंत तिने एकूण एक डोळे आखले, आणि एकही रेघ हलली नाही.